‘वाईट वाटलं’ हे इंग्रजीत कसं लिहायचं? शब्द निवडण्याचा क्रम

मनात ‘वाईट वाटलं’ येतं आणि बोटं ‘आय फेल्ट बॅड’ टाइप करून मोकळी होतात. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या ऑफिसांतून परदेशी ग्राहकाला जाणारे मेल घ्या, नाहीतर विद्यापीठातल्या मुलांचे अर्ज घ्या, चूक तीच. इंग्रजी वाचणाऱ्याला ‘आय फेल्ट बॅड’चा अर्थ लागतो तो असा: याच्या हातून काहीतरी चुकलंय आणि त्याला अपराधी वाटतंय. किंवा त्याची तब्येत बरी नव्हती. ग्राहकाचे वडील वारले म्हणून तुम्ही लिहिलंत, आणि तो विचारात पडतो की याने नक्की केलं तरी काय?

अशा चुका शब्दसंग्रह कमी म्हणून होत नाहीत. उलट ज्यांच्याकडे समानार्थी शब्दांची लांबलचक यादी असते, तेच जास्त फसतात. यादीत ‘सॅड’, ‘मिझरेबल’, ‘मेलन्कली’, ‘पॅथेटिक’ एका ओळीत छापलेले असतात, जणू कुठलाही उचला, चालतोय. शब्द उचलायचा, पण तो दुसऱ्या पायरीवर. त्याआधी थोडी तयारी लागते.

## तयारी: चार प्रश्न आणि एक शब्दकोश

लिहायला बसण्याआधी कागदावर चार उत्तरं मराठीतच लिहा. दोन मिनिटांचं काम आहे.

१. गेलं काय? माणूस गेला, संधी गेली, अपेक्षा मोडली, कुणी बोलून दुखावलं, की काहीच न घडता नुसतंच उदास वाटतंय?
२. हे वाटणं कधीपासून आहे? आज दुपारपासून, की महिनाभर?
३. वाचणार कोण? जवळचा मित्र, साहेब, परदेशी ग्राहक, की ज्याच्या घरी दुःख झालंय तो स्वतः?
४. वाचून त्याने काय करावं? रजा मंजूर करावी, चूक सुधारावी, की काहीच करू नये, नुसतं कळावं?

चौथा प्रश्न बहुतेक जण सोडून देतात आणि निम्मे मेल तिथेच घसरतात.

शब्दकोश इंग्रजी-मराठी नको. त्यात ‘ग्रीफ’, ‘सॉरो’, ‘सॅडनेस’ या तिन्हींपुढे ‘दुःख’च सापडणार. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश घ्या. केंब्रिज आणि लाँगमन यांचे असे शब्दकोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. शब्दाच्या अर्थाआधी दोन गोष्टी पाहा: पुढे ‘फॉर्मल’, ‘इन्फॉर्मल’ किंवा ‘लिटररी’ अशी खूण आहे का, आणि उदाहरणाच्या वाक्यांत त्या शब्दानंतर ‘विथ’, ‘फॉर’, ‘अबाउट’ यांपैकी कुठला जोडशब्द येतो.

तपासा: चारही उत्तरं कागदावर आली का? तिसरं आणि चौथं कोरं असेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी १: ‘वाईट वाटलं’ची फोड करा

आपलं ‘वाईट वाटलं’ पाच-सहा कामं एकटंच करतं. इंग्रजीत ती कामं वाटलेली आहेत. त्यामुळे मराठी वाक्य आधी नेमकं करून घ्यायचं.

‘तुझ्या आजीचं ऐकून वाईट वाटलं’ म्हणजे सहानुभूती. इथे ‘आय वॉज सॉरी टू हिअर अबाउट युवर ग्रँडमदर’.

‘मी त्याला तसं बोललो, वाईट वाटलं’ म्हणजे अपराधी भावना. इथेच ‘आय फेल्ट बॅड अबाउट इट’ बरोबर बसतं.

‘तो मला तसं बोलला, वाईट वाटलं’ म्हणजे मन दुखावलं. ‘आय वॉज हर्ट’, किंवा रागही असेल तर ‘आय वॉज अपसेट’.

‘सिलेक्शन झालं नाही, वाईट वाटलं’ म्हणजे अपेक्षाभंग. ‘आय वॉज डिसअपॉइंटेड’.

‘गाव सोडताना वाईट वाटलं’ इथे साधं ‘सॅड’ पुरतं: ‘आय वॉज सॅड टू लीव्ह’. पुण्या-मुंबईला गेल्यावर महिन्याभराने जे आठवून येतं, ते मात्र ‘होमसिक’.

‘मूड ऑफ आहे’ हेही याच पायरीवर निस्तरून घ्या. ‘माय मूड इज ऑफ’ हे आपल्याकडचं इंग्रजी झालं. चिडचिड असेल तर ‘आय ॲम इन अ बॅड मूड’, उदास असाल तर ‘आय ॲम फीलिंग अ बिट लो’. आणि ‘आय हॅव टेन्शन’ हे दुःखाच्या खात्यातच येत नाही. ते ‘आय ॲम वरीड’ किंवा ‘आय ॲम स्ट्रेस्ड’.

सावधान: ‘फील बॅड’पुढे ‘फॉर’ आलं की अर्थ पुन्हा फिरतो. ‘आय फील बॅड फॉर हिम’ म्हणजे त्याच्याबद्दल हळहळ वाटते. बोलताना चालतं, त्याच माणसाला लिहिताना चालत नाही, कारण त्यात कीव डोकावते.

## पायरी २: कारणावरून गट ठरवा, मग गटातून शब्द

माणूस गेल्याचं दुःख. आतलं, खोल, दीर्घ काळ राहणारं ते ‘ग्रीफ’. लोकांना दिसेल असं पाळणं, म्हणजे दुखवटा, ते ‘मोर्निंग’. ज्याच्या घरचं माणूस गेलं तो ‘बिरीव्ह्ड’, आणि त्यासाठी कंपनी देते ती ‘बिरीव्हमेंट लीव्ह’. ‘सॉरो’ जरा ग्रांथिक आहे. शोकसभेच्या ठरावात शोभेल, रोजच्या मेलमध्ये अवघडल्यासारखं वाटतं.

अपेक्षा मोडल्याचं. इथला मुख्य शब्द ‘डिसअपॉइंटेड’. प्रयत्न फसल्यावर मान खाली गेली तर ‘डिजेक्टेड’. पुन्हा प्रयत्न करायचं बळ ओसरलं तर ‘डिसहार्टन्ड’. आशाच सुटत चालली तर ‘डिस्पॉन्डंट’. या तिघांत फरक पुढचं पाऊल टाकायची किती तयारी उरली आहे एवढाच. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेचा संघ टायब्रेकरवर हरला तर खेळाडू ‘डिजेक्टेड’ दिसतात, प्रेक्षक ‘डिसअपॉइंटेड’ होतात, आणि ब्रिटिश मित्राला व्हॉट्सॲपवर कळवायचं तर ‘गटेड’ म्हणा. हा शब्द त्यांच्या फुटबॉलच्या बोलण्यात सर्रास असतो, पण अगदी अनौपचारिक. साहेबाला लिहू नका.

बोलण्या-वागण्यातून आलेलं. ‘हर्ट’ आणि ‘अपसेट’. ‘अपसेट’मध्ये दुःख, राग आणि घालमेल एकत्र असतात. पोट बिघडलं तरी हाच शब्द, हे ध्यानात ठेवा.

कारणाशिवायची उदासी. ‘डाउन’ आणि ‘लो’ बोलण्यातले. तोंड पाडून बसलेला माणूस ‘ग्लम’. पावसाळी दुपार किंवा धंद्याचं चित्र ‘ग्लूमी’. ‘मेलन्कली’ आणि ‘विस्टफुल’ कवितेसाठी, गेल्या दिवसांची हुरहुर सांगणाऱ्या लेखासाठी ठेवा. रजेच्या अर्जात ‘आय ॲम फीलिंग मेलन्कली’ लिहिलं की वाचणारा गालातल्या गालात हसतो.

सेवा किंवा माल पसंत न पडल्याचं. हा गट धंदेवाल्यांनी नीट बघून घ्यावा. इथे ‘अनहॅपी’ आणि ‘डिसअपॉइंटेड’ येतात आणि दोन्ही तक्रारीचे शब्द आहेत. परदेशी ग्राहकाने लिहिलं, ‘वुई आर अनहॅपी विथ द लास्ट लॉट’, तर तो दुःखी नाही. कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे हवेच्या पोकळ्या, सापडल्यात, तो माल परत पाठवायच्या बेतात आहे. आणि ब्रिटिश माणसाने ‘वुई आर व्हेरी डिसअपॉइंटेड’ लिहिलं तर ते त्यांच्या सभ्यतेत जवळपास ओरडणं आहे. त्याला ‘वुई आर ऑल्सो व्हेरी सॅड’ असं उत्तर दिलंत की संपलंच. त्याला तुमचं दुःख नको आहे. ‘वुई आर सॉरी अबाउट धिस’, लगेच पुढच्या वाक्यात लॉट नंबर, काय चुकलं, बदली माल कधी निघणार.

तपासा: निवडलेला शब्द दुसऱ्या गटातून तर उचलला नाही ना? माणूस गेल्यावर ‘डिसअपॉइंटेड’ आणि मॅच हरल्यावर ‘ग्रीफ’ या दोन्ही चुका नेहमी दिसतात.

## पायरी ३: शब्दाची ताकद मोजा

एकाच दिशेला चढत जाणारी ओळ अशी: ‘अ बिट डाउन’, ‘सॅड’, ‘व्हेरी अपसेट’, ‘हार्टब्रोकन’, ‘डेव्हस्टेटेड’. शेवटचे दोन फार मोठ्या घटनेसाठी आहेत. 2019च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरात ज्याचं दुकान बुडालं, त्याने ‘आय वॉज डेव्हस्टेटेड’ म्हणणं रास्त आहे. सीईटीत दोन मार्क कमी पडले म्हणून नाही.

यातल्या टोकाच्या शब्दांना ‘व्हेरी’ लागत नाही. ‘व्हेरी डेव्हस्टेटेड’, ‘व्हेरी हार्टब्रोकन’ खटकतं, कारण शब्दातच ‘पूर्ण’ आलेलं असतं. जोर द्यायचाच असेल तर ‘ॲब्सोल्यूटली’ किंवा ‘कम्प्लीटली’. ‘सॅड’, ‘अपसेट’, ‘डिसअपॉइंटेड’ यांना मात्र ‘व्हेरी’ खुशाल लावा.

ब्रिटनमधला माणूस एक पायरी उतरूनच बोलतो. तो ‘अ बिट डाउन’ म्हणाला तर बरंच काही बिनसलंय असं धरा. ‘शॅटर्ड’ म्हणाला तर आधी संदर्भ बघा. त्यांच्याकडे त्याचा अर्थ ‘दमून गळून गेलो’ असाही होतो.

सावधान: ‘ही इज सॅड’ म्हणजे तो दुःखी आहे. ‘ही इज अ सॅड मॅन’ म्हणजे बोलण्याच्या ओघात ‘बिचारा, काही दम नसलेला माणूस’ असाही निघतो. विशेषण नामाच्या आधी नेताना दोनदा विचार करा.

## पायरी ४: ‘डिप्रेस्ड’ लिहिण्याआधी थांबा

आपल्याकडे चहा थंड झाला तरी ‘डिप्रेशन आलं’ म्हणतात. इंग्रजीतही गप्पांमध्ये हा शब्द सैल वापरतात, पण ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या लेखी कागदावर तो आजाराचं नाव म्हणून वाचला जातो. उदासी किंवा कशातच मन न लागणं दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे टिकलं आणि जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर डॉक्टर त्या दिशेने तपासतात. नुसत्या वाईट आठवड्यासाठी ‘आय हॅव बीन फीलिंग लो’ एवढंच लिहा.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. त्रास खरोखर तसा असेल तर ‘मूड ऑफ’च्या आड लपवू नका. निदान झालं असेल तर ‘आय हॅव बीन डायग्नोज्ड विथ डिप्रेशन’. झालं नसेल तर ‘आय हॅव बीन स्ट्रगलिंग लेटली अँड आय नीड सम हेल्प’. हे वाक्य साधं आहे आणि इंग्रजी वाचणारा ते गांभीर्याने घेतो. मराठीतून बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास फुकट आहे.

## पायरी ५: शब्दाची शेपटी बघा

शब्द बरोबर, पण पुढचा जोडशब्द चुकला की अर्थ वळतो. पाठ करायचंच असेल तर शब्द एकटा करू नका, जोडीने करा.

‘डिसअपॉइंटेड विथ द रिझल्ट’ म्हणजे निकालावर नाराज. ‘डिसअपॉइंटेड इन यू’ म्हणजे तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, आणि हा माणसाच्या लायकीवर ठपका आहे. हाताखालच्या माणसाला लिहिताना जपून.

‘अपसेट अबाउट’पुढे घटना येते. ‘अपसेट विथ’पुढे माणूस येतो, आणि त्या माणसावर राग आहे असा अर्थ होतो.

‘सॉरी फॉर द डिले’ म्हणजे उशीर आमच्यामुळे झाला, माफ करा. ‘सॉरी टू हिअर’ म्हणजे ऐकून वाईट वाटलं, आमचा दोष नाही. फक्त ‘सॉरी फॉर युवर लॉस’ हा सांत्वनाचा ठरलेला प्रयोग आहे, त्यात कबुली नाही. ‘आय ॲम सॉरी फॉर यू’ तोंडावर म्हणालात तर कीव केली असं होतं.

‘वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ म्हणजे कळवायला खेद होतो. ‘वुई रिग्रेट इन्फॉर्मिंग यू’ म्हणजे तुम्हाला सांगितलं ही चूक झाली! फरक एका प्रत्ययाचा.

तोच घोळ ‘ईडी’ आणि ‘आयएनजी’चा. ‘आय ॲम डिसअपॉइंटेड’ म्हणजे माझी निराशा झाली. ‘आय ॲम डिसअपॉइंटिंग’ म्हणजे मीच निराशा करणारा माणूस आहे. ‘डिप्रेसिंग’, ‘अपसेटिंग’ हे बातमीला, निकालाला लावायचे. माणसाच्या मनाला ‘डिप्रेस्ड’, ‘अपसेट’.

तपासा: तुमचं वाक्य शब्दकोशातल्या उदाहरणाशेजारी ठेवा. जोडशब्द तोच आहे का?

## पायरी ६: शोकसंदेश

इथे सर्वांत जास्त चुका होतात आणि इथेच त्या सर्वांत जास्त लागतात, म्हणून क्रम मोडू नका. एकूण चार छोटी वाक्यं.

१. बातमी कळली हे, नाव घेऊन: ‘आय वॉज व्हेरी सॉरी टू हिअर दॅट युवर फादर हॅज पास्ड अवे.’ वडिलांचं नाव माहीत असेल तर ते घाला.

२. त्या माणसाबद्दल एक खरी गोष्ट: ‘ही वॉज सो काइंड टू अस व्हेन वुई व्हिजिटेड युवर प्लांट.’ भेट झालेलीच नसेल तर हे वाक्य सोडा. ‘ही वॉज अ ग्रेट सोल’ असं हवेतलं लिहू नका.

३. तुम्ही काय करताय: ‘प्लीज डोन्ट वरी अबाउट द ड्रॉइंग्ज, वुई कॅन वेट.’ ‘लेट मी नो इफ यू नीड एनिथिंग’पेक्षा हे कितीतरी बरं, कारण त्यात समोरच्याला काही मागावं लागत नाही.

४. शेवट: ‘विथ डीपेस्ट सिम्पथी’ किंवा ‘विथ हार्टफेल्ट कंडोलन्सेस’.

‘कंडोलन्सेस’ अनेकवचनीच. ‘माय कंडोलन्स टू यू’ चुकीचं. ‘कंडोलन्स मेसेज’ मात्र बरोबर.

आता न लिहायच्या गोष्टी. ‘एक्स्पायर्ड’ लिहू नका. भारताबाहेर दूध, तिकीट आणि क्रेडिट कार्ड एक्स्पायर होतं, माणूस नाही. ‘पास्ड आउट’ तर मुळीच नको; तिकडे त्याचा अर्थ बेशुद्ध पडला. ‘सॅड डिमाइज’ हा आपल्या फ्लेक्स आणि जाहिरातींतला शब्द आहे, व्यक्तीला लिहिताना कोरडा वाटतो. ‘आय नो हाऊ यू फील’ नको, ‘ॲट लीस्ट’ने सुरू होणारं कुठलंही वाक्य नको, आणि मृत्यू कशाने झाला हे विचारू नका. समोरच्याचा धर्म-श्रद्धा माहीत नसेल तर आत्म्याला शांती, देव शक्ती देवो हेही राहू द्या. गावातल्या ओळखीच्या घरी ते चालतं, अनोळखी जर्मन ग्राहकाला नाही.

‘आरआयपी’बद्दल एवढंच: ते गेलेल्या माणसाला उद्देशून आहे. घरच्यांना थेट लिहिताना ती तीन अक्षरं हात झटकल्यासारखी दिसतात. ग्रुपवर चाळीस जणांनी टाकली म्हणून एक्केचाळीसावं तुम्ही टाकायला हवं असं नाही.

उशिरा कळलं तरी लिहा. सुरुवात ‘आय हॅव ओन्ली जस्ट हर्ड’ अशी करा, उशिराची सबब लांबवू नका.

## पायरी ७: स्वतःच्या घरी दुःख असेल तेव्हा रजेचा मेल

इथे भावनेचा शब्द एकही लागत नाही. नातं, घटना, तारखा, काम कोण बघणार, या क्रमाने चार ओळी. ‘माय मॅटर्नल अंकल पास्ड अवे धिस मॉर्निंग. आय विल बी ऑन लीव्ह फ्रॉम मंडे टू वेन्सडे.’ मामा आणि काका दोघांनाही नुसतं ‘अंकल’ लिहिलं की एचआर हमखास उलट विचारतं, कारण रजेचे नियम नात्यावर ठरलेले असतात. ‘मॅटर्नल’ किंवा ‘पॅटर्नल’ पहिल्याच ओळीत घाला. ‘आफ्टर द डेथ ऑफ माय लेट फादर’ असं लिहू नका. ‘लेट’मध्येच ते वारल्याचं आलं.

आपल्याकडे तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन आणि पुढे उत्तरकार्य असतं, म्हणून रजा दोन तुकड्यांत लागते. बाहेरच्या साहेबाला विधी समजावत बसू नका. ‘आय विल नीड वन मोअर डे लेटर फॉर फॅमिली राइट्स’ आणि तारीख, बास.

## पायरी ८: धंद्याची वाईट बातमी

पुराच्या दिवसांत पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 43 फुटांची धोक्याची रेषा ओलांडते, शिरोलीजवळ हायवेवर पाणी येतं, गाड्या अडकतात. 2019 आणि 2021 दोन्ही वेळा हे झालं. तेव्हा ‘वुई आर व्हेरी सॅड टू इन्फॉर्म यू’ने सुरू होणारे मेल जातात. सुरुवात ‘अनफॉर्च्युनेटली’ने करा: ‘अनफॉर्च्युनेटली, द हायवे नियर शिरोली इज अंडर वॉटर, सो धिस वीक्स डिस्पॅच विल बी डिलेड.’ पुढच्या ओळीत नवी तारीख, किंवा तारीख कधी सांगू शकाल तो दिवस.

‘अनफॉर्च्युनेटली’ अडचणीसाठी, ‘सॅडली’ जीवितहानीसाठी. पुरात कुणी कामगार दगावला असेल तर ‘सॅडली’, आणि ते वाक्य डिस्पॅचच्या वाक्याला जोडू नका, वेगळ्या परिच्छेदात ठेवा.

## पाठवण्याआधी: फसवे शब्द चाळून काढा

मेलमध्ये पुढचे शब्द शोधा. सापडले तर बदला.

‘पॅथेटिक’: जुन्या नोट्समध्ये याचा अर्थ ‘करुण’ दिलेला असतो. आज तो ‘टुकार, लाज वाटावी असा’ या अर्थाने शिवी म्हणून चालतो. ‘युवर पॅथेटिक कंडिशन’ लिहिलंत तर संबंध तुटलाच म्हणून समजा.

‘मिझरेबल’: दुःखासोबत हालअपेष्टा असतील तर ठीक. माणसाच्या स्वभावाला लावलं तर ‘रडतराऊ, कुरकुऱ्या’.

‘डेस्परेट’: हा निराश नाही, हा अगतिक, काहीही करायला तयार झालेला. निराशेचं टोक म्हणजे ‘डिस्पेअर’.

‘पिटी’: ‘व्हॉट अ पिटी’ म्हणजे ‘अरेरे, हुकलं’, छोट्या गोष्टीसाठी. ‘आय पिटी यू’ हा अपमान.

‘ट्रॅजिक’: जीव गेला तर. सर्व्हर बंद पडणं ट्रॅजिक नसतं.

चाळून झालं की गेलेल्या माणसाच्या नावाचं स्पेलिंग त्याच्या घरच्यांच्या जुन्या मेलशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. मोबाइलचं ऑटोकरेक्ट परदेशी नावं परस्पर बदलतं, आणि ‘सेंड’ दाबल्यावरच ते दिसतं.